आंब्यावरचा चीक

त्या दिवशी सकाळी पेज जेवून आम्ही दोघं मागच्या पडवीत आंबे घेऊन बसलो. आंबे लाकडाचे. देठाच्या भोकात बांबूची काडी खुपसून मी आंबा धरायचा आणि बायकोनं तो रंगवायचा, असं गेली तीन वर्षं चाललं होतं. माझा हात थरथरायला लागल्यापासून लेथ बंद आहे, आधी काढून ठेवलेले आंबेच आम्ही रंगवत होतो. त्याआधी मी पुढच्या मांगरात, म्हणजे कामाच्या खोपटात, लेथवर आणि ती मागे पडवीत रंगाला. मधे अख्खं घर.

"वायच सरळ धरा," ती म्हणाली. "आंबो आसा तो. देवळातली घंटा नाय हलवूक."

"हात थरथरता गो."

"तो थरथरता म्हणानच तुमी माका दिसाक लागलात. नायतर इतकी वर्सां लेथचो आवाज तेवढो घरात होतो. माणूस आसा की नाय, कोणाक ठावक."

दुपारपर्यंत अकरा आंबे झाले. बारावा नुसता घासून पांढरा ठेवलेला होता. ऊन पडवीत आलं तशी ती म्हणाली, "ह्यो उद्या करूया. डोळे दुखतत." मी काडी खाली ठेवली. तिनं ब्रश धुतले, फडक्याला पुसले, डब्यात उभे केले. आम्ही कढी-भात जेवलो. ती आतल्या खोलीत आडवी झाली. चार वाजता चहाला हाक मारायला गेलो तर उठली नाही.

झालं ते एवढंच. गेल्या फाल्गुनातली गोष्ट आहे.

आमची मुलगी शुभा कणकवलीला शाळेत शिकवते. तिच्या ओळखीचे एक संपादक आहेत. त्यांनी निरोप पाठवला की पुरस्कार मिळालेल्या कारागिरानं आपले अनुभव लिहावेत, दिवाळी अंकात छापू. मी चौथी शिकलेला माणूस. शुभानं शुद्धलेखन बघितलंय. मजकुराला मात्र हात लावायचा नाही म्हणून तिला बजावलंय. यातलं बरंचसं तिलाही आत्ताच कळतंय.

धंद्याची माहिती आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आम्ही लाकडाची फळं करतो. आंबा, केळं, पेरू, सीताफळ, काजूचं बोंड. रुखवतात सुपात भरून मांडतात ती. लाकूड पांगाऱ्याचं. वजनाला हलकं, हत्याराला मऊ. झाड तोडल्यावर ओंडका सावलीत वाळवायचा, घाई केली तर फळ पुढे तडकतं. मग लेथवर आकार काढायचा. गोल फळं लेथवर होतात. आंबा पूर्ण होत नाही, कारण आंबा गोल नसतो. त्याला एक खांदा वर असतो, एक खाली, आणि टोकाकडे चोच. ती पटाशीनं हातानं काढायची. त्यावर चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड कालवून तीन हात द्यायचे, प्रत्येक हात वाळला की पॉलिश पेपरनं घासायचा. लाकडाचं सगळं व्यंग त्यात झाकलं जातं. इथवरचं काम माझं.

पुढे रंग. रंगाला लोक नटवणं समजतात. मीही समजत होतो.

मी सावंतवाडीला एका म्हाताऱ्या मेस्त्रीकडे शिकलो. तेव्हा विजेचा लेथ नव्हता. दोरीचा होता. एकानं दोरी पुढे-मागे ओढायची, दुसऱ्यानं हत्यार धरायचं. लग्न झालं आणि ती दोरी बायकोच्या हातात आली. नवी नवरी, हातातला हिरवा चुडा अजून उतरला नव्हता आणि ती सकाळपासून दोरी ओढत बसायची. तिच्या तळहाताला घट्टे पडले. मी त्याला संसार म्हणत होतो. पुढे गावात वीज आली, मी मोटार बसवली आणि तिचे हात मोकळे झाले. रिकामी बसायची सवय नव्हती तिला. एक दिवस मी बघतो तर लेथवर नासलेलं एक लाकडी बोंड घेऊन तिनं रंगवलेलं. खऱ्या बोंडाशेजारी ठेवलेलं. मी चुकीचं उचललं. ती तोंडाला पदर लावून हसली.

त्या दिवसापासून घरात मी रंगाचा ब्रश हातात धरला नाही. गरजच राहिली नाही.

तिचं नाव द्वारका. माहेर जामसंड्याचं, देवगडच्या लगतचं. तिच्या लहानपणी तिथल्या हापूसच्या बागांत ती आईबरोबर आंबे उतरवायला आणि पेंढ्यात भरायला जायची. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एक गमतीचं गिऱ्हाईक सांगतो. कणकवलीकडचं लग्न होतं. आमचं सूप रुखवतात मांडलेलं. दोन दिवसांनी नवऱ्यामुलाचे आजोबा रिक्षानं आमच्या दारात. धोतर, काळी टोपी, हातात रुमालाची पुरचुंडी. पुरचुंडी सोडली तर आत एक पेरू आणि दातांची कवळी. पेरूवर दोन दात रुतल्याच्या खुणा.

"मेस्त्रीनू," ते बोळक्या तोंडानं म्हणाले, "रुखवतात कोण लाकूड वाडता?"

मी घाबरलो. भरपाई मागतील असं वाटलं. तेवढ्यात आतून आवाज आला, "आजोबानू, पेरू मीठ-मिरची लावल्याबिगर खातत काय कोण?"

म्हातारा रिक्षाला धरून हसत सुटला. चहा घेतला, जाताना स्वतःसाठी आणखी एक सूप सांगून गेला. म्हणाला, आता दुसऱ्यांचे दात पाडूया. दारात थांबून त्यानं विचारलं, "पण रंग कोणी लावलो ह्यो? देठाकडे वायच पिवळो झालोहा. माका वास इलो ओ पेरवाचो!"

मी म्हणालो, "आमच्याकडेच होता सगळां."

खोटं काही बोललो नाही. पण ती दारामागे उभी होती, चहाचा ट्रे घेऊन. "हिनं लावल्यान" म्हणायला किती श्वास लागतो? नाही म्हटलं. लाज वाटली असं नाही. सुचलंच नाही. आता वाटतं, सुचलं नाही हेच जास्त वाईट.

आता चिकाचं सांगतो.

हापूस झाडावरून उतरवला की देठातून चीक येतो. तो आंब्याच्या खांद्यावर ओघळतो आणि वाळला की काळपट चकाकता डाग राहतो. पेटीतल्या आंब्यावर लोक तो डाग नको म्हणतात. द्वारका आमच्या लाकडी आंब्यावर तो मुद्दाम घालायची. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा ओरडलो, चांगला आंबा खराब केला म्हणून.

"चीक नसलेलो आंबो झाडावरसून येणा नाय," ती म्हणाली. "तो साबणाच्या कारखान्यातसून येता."

हायवेवर एक दुकान होतं, मुंबईचे लोक गाडी थांबवून काजू, कोकम आणि आमची फळं घ्यायचे. तिथल्या शेटचं म्हणणं मात्र वेगळं. त्याला सगळं फळ चकाकतं पाहिजे. "मेस्त्री, डागाचा माल कोण घेणार? वरून नीट वार्निश मारा, काचेसारखं दिसलं पाहिजे." तिचा आंबा चकाकायचा नाही. साल कोरडी, मंद, आणि चकाकायचा फक्त चिकाचा ओघळ. सगळ्यावर वार्निश मारलं की ओघळ बुडून जायचा. मी शेटचं ऐकलं. तिनं रंगवून ठेवलेल्या आंब्यांवर मी मांगरात नेऊन वार्निशचा हात मारायचो. कित्येक वर्षं मारला. ती बघायची आणि पुढच्या खेपेला पुन्हा चीक घालायची. मी पुन्हा बुडवायचो. आमच्यात यावरून भांडण झालं नाही कधी. ती घालत राहिली आणि मी बुडवत राहिलो.

मग हस्तकलेच्या पुरस्कारासाठी माणसं निवडायला दोघं जण जिल्ह्यात आले. एक वयस्क बाई आणि एक चष्मेवाले गृहस्थ. मी मांगरात फळं मांडून ठेवली होती, सगळी काचेसारखी. बाईंनी एकेक उचललं, ठेवलं. चेहरा काही सांगेना. मग त्या पडवीकडे वळल्या, पाणी मागायला. तिथे वाळत ठेवलेला एक आंबा होता, अजून माझ्या वार्निशच्या तावडीत न सापडलेला. बाईंनी तो उचलला. उन्हात धरला. त्या आंब्याचा वास घेतात की काय असं वाटलं मला. मग त्यांनी चष्मेवाल्यांना हाक मारली.

"हा डाग कुणी घातला?"

द्वारका पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. हातभर अंतरावर. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"मी," म्हणालो.

बाई म्हणाल्या, "मेस्त्री, इतकी वर्षं आम्ही फळं बघतोय. फळ सगळे करतात. हे झाडावरून उतरवलेलं फळ आहे." त्यांनी वहीत लिहून घेतलं. द्वारकेनं तांब्या खाली ठेवला आणि आत गेली. संध्याकाळी मी म्हणालो, "तुजां नाव सांगून काय उपयोग? अर्जात माजां नाव आसा. तेंका एकच माणूस व्हयो." ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मी काय बोललंय?"

खरंच, काही बोलली नव्हती.

पुरस्कार मिळाला. मंत्र्यांच्या हातून शाल, ताम्रपट, फोटो. पेपरात बातमी. तोच शेट आता म्हणायला लागला, "मेस्त्री, डागवालेच आंबे द्या. आणि खाली तुमचं नाव पाहिजे, लोक विचारतात." मी लोहाराकडून छोटा लोखंडी शिक्का करून घेतला, माझ्या नावाची दोन अक्षरं. तापवून फळाच्या खाली मारायचा. पण रंगावर तापलेलं लोखंड मारलं तर रंग पोळतो, म्हणून चोचीजवळ पावलीएवढी जागा कोरी ठेवावी लागते. ती जागा कोरी कोण ठेवणार? जो रंगवतो तो. प्रत्येक आंबा रंगवताना ती माझ्या नावापुरती जागा सोडायची. न चुकता, गोल. एवढी वर्षं मी त्या जागेवर शिक्का मारत आलो आणि ती जागा कुणी सोडली हा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

पुढच्या वर्षी मुंबईला हस्तकलेचं मोठं प्रदर्शन होतं. मला बोलावणं आलं. लोकांसमोर बसून काम करून दाखवायचं. लेथ नेता येणार नव्हता. आयोजक म्हणाले, "चिकाचा डाग घालून दाखवा, त्याचीच चर्चा आहे."

तिला घेऊन जाता आलं असतं. शुभा म्हणालीही होती, "आयेक घेऊन जावा." मी म्हणालो, "तिका गाडी लागता." तिला गाडी लागत नाही. जामसंड्याला एसटीनं जाताना ती खिडकीशी बसून सगळा रस्ता शेंगा खात जायची.

प्रदर्शनात माझ्यासमोर पंधरा-वीस माणसं. मी तिनं रंगवलेला, पण चीक न घातलेला आंबा घेतला, ब्रश तपकिरी रंगात बुडवला आणि देठापासून खाली एक रेघ मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुंबईच्या लोकांना काय कळतंय, असं मनात आलं आणि धीर वाढला. दुसरा आंबा घेतला. तेवढ्यात मागून एक माणूस पुढे आला. पांढरी टोपी, पायात रबरी चपला, आपल्याकडचाच दिसत होता. त्यानं माझा आंबा उचलला. मग टेबलावर मांडलेला, घरून आणलेला उचलला. दोन्ही शेजारी धरले.

"मेस्त्रीनू, ह्यो कोणी केलो?" घरच्या आंब्याकडे बोट.

"मीच."

"आणि ह्यो?"

"तोय मीच."

तो हसला. वाईट नाही हसला. "ह्या तुमच्या आत्ताच्या आंब्यावर चीक सरळ खाली इलो. आंबो तोडून कोण हातात उभो धरून बसता? तोडलो की आडवो ठेवतत. म्हणान चीक पयलो खाली येता आणि मगे खांद्यावर वळता. ह्या दुसऱ्या आंब्यावर बघा, कसो बरोबर वळलोहा. ह्यां बागेत काम केलेल्या माणसाचां काम." त्यानं आंबा टेबलावर आडवा ठेवला, अगदी अलगद, खरा असल्यासारखा. "मी जामसंड्याचो. तुमच्या घरात कोण आमच्या गावचां आसा काय?"

समोर पंधरा-वीस माणसं. गळ्यात माझ्या पुरस्काराचा बिल्ला.

"नाय," मी म्हणालो. "कोण नाय."

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. शुभा आता हे तपासताना वाचेल.

त्या वर्षी आवाठातल्या, म्हणजे त्यांच्या वाडीतल्या, लग्नाला ती माहेरी जाऊन आली. येताना पाटीभर कैऱ्या आणल्या. पडवीत बसून त्या पुसत होती. मी चहा पीत होतो.

"आमच्या गावच्या एका बागायतदारान तुमका मुंबयत बगल्यान म्हणे."

"बगल्यान आसात."

"तेणी तुमका इचारल्यान, घरात कोण जामसंड्याचां आसा काय म्हणान."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"तुमी काय सांगलात?"

"आता काय आठवता? हजार माणसां येतत थंय."

तिनं एक कैरी पुसून बाजूला ठेवली. दुसरी घेतली. "बरां," म्हणाली. त्यानंतर हा विषय घरात निघाला नाही. आंब्यावर चीक पहिल्यासारखाच वळत राहिला. मला वाटलं, विसरली.

शुभा नोकरीला लागली तेव्हा तिनं एक फॉर्म आणला. कारागिरांना सरकारी ओळखपत्र मिळतं, ते असलं की प्रदर्शनात स्वतःच्या नावानं बसता येतं, माल स्वतःच्या नावानं देता येतो. माझ्याकडे होतंच. शुभानं आईचा फॉर्म भरला, आईकडून सही घेतली. सही म्हणजे सावकाश काढलेली पाच-सहा अक्षरं. तालुक्याला नेऊन द्यायचं काम माझ्याकडे.

फॉर्म दिल्यावर घरी माणूस येतो, काम करून बघतो. तो आला, तिनं त्याच्यासमोर चीक घातला आणि त्यानं माझ्याकडे बघितलं तर? पुरस्कार परत घेतात का हे मला माहीत नव्हतं. विचारणार कुणाला? मी फॉर्म जुन्या कागदांच्या गठ्ठ्यात खाली घालून टाकला. शुभानं विचारलं तेव्हा म्हणालो, "दिलंय. सरकारी काम, वेळ लागता." द्वारकेनं दोनदा विचारलं. पहिल्यांदा म्हणाली, "माजां कार्ड इलां काय ओ?" दुसऱ्यांदा, कितीतरी महिन्यांनी, म्हणाली, "कार्डावर फोटो आसता मां? मगे मी नवी साडी नेसान काढलंय असतंय." मी म्हणालो, येतला.

तिसऱ्यांदा विचारलं नाही.

मग माझा हात थरथरायला लागला. लेथवर पटाशी सटकून अंगठा फाटला तेव्हा ती म्हणाली, "बस झालां आता. हयसर येवा, माका आंबे धरूक माणूस व्हयो." तेव्हा पहिल्यांदा मी तिला काम करताना समोर बसून बघितलं. चीक ती ब्रशनं काढायचीच नाही. वार्निशमध्ये किंचित तपकिरी रंग घालून त्याचा एक थेंब देठाशी सोडायची आणि थांबायची. थेंब आपला आपण खाली यायचा. तो खांद्यापर्यंत आला की म्हणायची, "आता आडवो करा." मी आंबा आडवा करायचो आणि ओघळ वळायचा. बागेत व्हायचं तसंच.

मुंबईत मी ब्रशनं रेघ मारली होती. शेजारी बसून एकदा बघितलं असतं तरी कळलं असतं. घराच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत यायला मला पटाशीनं अंगठा फाडून घ्यावा लागला.

त्या तीन वर्षांत बोलायला वेळ होता. रोज सकाळी तिच्यासमोर बसायचो. मुंबईतलं सांगावं असं पुष्कळदा वाटलं. एकदा तर "आयक" म्हणालोही. ती म्हणाली, "आयकतंय, पण हलू नकात." थेंब निम्म्यावर होता. तो वळून वाळेपर्यंत माझं धैर्य गेलं.

ती गेली त्या दिवशी संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, तिला नेलं. शुभा कणकवलीहून आली होती. रडून रडून आजारी पडली, तिला शेजारच्या पारूवहिनींनी आपल्या घरी निजवलं.

सकाळी उठलो. घरात चूल पेटवायची नव्हती, कामाच्या हत्याराला हात लावायचा नव्हता. हे सगळं मला माहीत आहे. मागच्या पडवीत गेलो तर अकरा आंबे काड्यांवर वाळून तयार होते. शुभाच्या शाळेतल्या एका बाईंच्या मुलीच्या रुखवतासाठी होते ते. प्रत्येकावर चीक वळलेला. प्रत्येकाच्या खाली पावलीएवढी कोरी जागा.

ब्रशांच्या डब्याखाली तिचं ब्रश पुसायचं फडकं होतं आणि फडक्याखाली घडी घालून ठेवलेला जाड कागद. तिनं त्यावर रंग तपासलेले. पिवळ्याचे, शेंदरीचे, हिरव्याचे फटकारे, एकावर एक, वर्षांवर वर्षं. कडेनं चिकाचे थेंब, काही फिके, काही काळे, बरोबर रंग जुळेपर्यंत सोडलेले. मी कागद उलटला.

फॉर्म होता. शुभाच्या अक्षरात भरलेला, त्या बाजूलाही रंगाचे थेंब उडालेले. खाली तिची सही. सहीवर एकही रंगाचा थेंब नव्हता. ती जागा तिनं सोडली होती.

जुन्या कागदांच्या गठ्ठ्यातून रंग पुसायला कागद ओढताना सापडला असणार. केव्हा सापडला कोण जाणे. तिसऱ्यांदा का विचारलं नाही, ते कळलं.

मी फॉर्म डब्यावर ठेवला. मग उठलो, स्वयंपाकघरात गेलो आणि चूल पेटवली.

धूर बघून पारूवहिनी पेजेची तपेली घेऊन धावत आल्या. "भावजी! सुतक आसा ओ घरात! चूल कित्याक पेटवलात? पेज मी हाडलंय मां?"

"पेजेसाठी नाय पेटवली."

"मगे?"

मी पोती शिवायची दाभण निखाऱ्यात घातली होती. टोक लाल झालं तशी फडक्यात धरून काढली आणि पडवीत जाऊन पहिल्या आंब्याच्या खालच्या कोऱ्या जागेवर टेकवली. लाकडाचा वास आला. तिच्या नावाचं पहिलं अक्षर वेडंवाकडं आलं. दाभण थंड झाली की पुन्हा चुलीकडे, पुन्हा पडवीत. अख्खं घर मधे. एका आंब्याला तीन खेपा. पारूवहिनी दारात उभ्या राहिल्या. आधी म्हणाल्या, भावजी, लोक काय म्हणतीत. मग वाकून त्यांनी आंबा बघितला. चौथ्या आंब्यापासून त्यांनी तपेली खाली ठेवली आणि पदर खोचून काडी धरली. त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता.

ऊन पडवीत येईपर्यंत अकरा आंबे झाले.

बारावा तसाच पांढरा होता. रंग नाही, चीक नाही. आकार तेवढा माझा. मी मांगरात जाऊन माझा लोखंडी शिक्का आणला, निखाऱ्यात लाल केला आणि त्या आंब्यावर मारला. मग फॉर्मची घडी खिशात घातली, चूल विझवली आणि शुभाला उठवायला पारूवहिनींच्या घरी गेलो.